अर्धा फेरा

वेताळ टेकडीच्या खाणीत आम्ही अकरा पहाटा काढल्या.
अल्फिया कॅमेऱ्यामागे, मी दगडाला कान लावून.
म्हणजे दोन रुपयाच्या नाण्याएवढा मायक्रोफोन,
भिजवलेल्या कणकेनं भेगेत चिकटवलेला.
आई म्हणाली होती, मुंग्या लागतील. लागल्या.
त्यांचे पायही रेकॉर्ड झाले,
शेजारच्या घरात कुणी तांदूळ निवडत असावं तसे.

चित्रात काही घडत नाही.
खाणीतलं हिरवट पाणी, त्यात उलटी टेकडी,
उलटा टॉवर, फिरायला आलेली एक उलटी बाई
कुत्र्याला ओढत आभाळात उतरणारी.
आवाज मी नऊ सेकंद मागे ठेवला.
टिटवी उडून जाते,
पाणी पुन्हा सपाट होतं,
तुम्ही तिला विसरता,
आणि मग ती ओरडते.

एवढंच करायचं होतं.
अनुदानाच्या अर्जात मात्र दोन पानं लिहिली.

टिंबर मार्केटातल्या गोदामात पडदा लावला.
सागाचा भुसा, ओल्या पोत्यांचा वास,
बाहेर टेम्पो मागे घेणाऱ्याचं
येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास.
पहिल्या दिवशी चौदा माणसं. सहा चहापुरती.
एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले,
हा जो खालचा घुमारा आहे ना, अखंड,
हा दगडाचा श्वास आहे.
मी मान डोलावली. मलाही तेच वाटत होतं.
घरी याच खोक्यावर ऐकत
तीन रात्री त्या घुमाऱ्याभोवती
बाकी सगळं रचलं होतं.

शेवटच्या दिवशी बाबा आले.
भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं;
डावा कान तिथेच राहिला, उजव्यात
शिट्टीआधीच्या कुकरची फुसफुस, दिवसरात्र.
खुर्ची नको म्हणाले.
पडद्याकडे पाहिलं. ही बाई पडेल, म्हणाले,
आणि सरळ स्पीकरपाशी जाऊन
त्यावर हात ठेवला, मशीनवर ठेवायचे तसा:
बोटं वर, तळव्याची गादी टेकलेली.

बराच वेळ काही नाही.
मग मोठ्यांदा (हळू बोलणं त्यांना आता जमत नाही)
'दहाचाकी. भरलेली. चढाला लागलीय.'
'ही फटफटी.'
'हे काय बारीक बारीक?'
मुंग्या, मी बोटांनी टेबलावर चालवून दाखवल्या.
हसले नाहीत. हात तसाच.
'आणि हे सैल आहे.'

काय सैल?

खिशातून नाणं काढलं, खोक्यामागे वाकले,
जाळीचा तिसरा स्क्रू अर्धा फेरा आवळला.

घुमारा थांबला.

गोदाम एकदम मोठं झालं.
कुणीतरी विचारलं, लाइट गेली का?
पडद्यावर पाणी तसंच होतं
आणि त्यावरून उडून गेलेली टिटवी
ओरडली, इतकी कोरडी, इतकी जवळ
की अल्फिया नि मी दोघी दचकलो.
बाबांना ती लागलीच नाही.
एवढी पातळ गोष्ट तळव्यात सापडत नसावी.
'आता बरोबर,' म्हणाले, आणि नाणं परत खिशात.

रिक्षात, सेव्हन लव्हज चौकाच्या सिग्नलला:
'याचे किती देतात?'
आकडा सांगितला. पुन्हा ओरडून सांगितला.
रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.
स्वारगेट ओलांडल्यावर म्हणाले,
'पाणी मात्र चांगलं घेतलंयस.'

खोका आता माझ्या टेबलाखाली आहे.
मार्चमध्ये औंधला पुन्हा दाखवायचंय.
कधी तो स्क्रू अर्धा फेरा सैल करते, ऐकते,
कधी आवळते. अल्फिया म्हणते, ठरव एकदाचं.

परवा एकटीच खाणीत जाऊन आले.
आमची कणीक भेगेत अजून आहे,
वाळून दगडासारखी टणक,
मुंग्यांनी आरपार पोखरलेली.
या वेळी खराच कान लावला.
गार. जरा ओलसर. गालाला खडी टोचत होती.
आत, खूप आत,
कुणीतरी गिअर बदलला.