दहा खुर्च्या

कुताईसीच्या चर्चमध्ये पाद्र्यानं तिचं नाव घेतलं नाही,
'ती बाई' म्हणाला फक्त.
दुसऱ्या दिवशी दुकानातली तिची पुस्तकं संपली.

माझी प्रत त्सिआलामावशीची,
शिवणकामाच्या मासिकाचं कव्हर घातलेली.
बेकरीत, भट्टी तापेपर्यंत वाचायचे.
अर्धं पटलं नाही. लग्नाबद्दल तर ती
दात विचकूनच लिहिते.
पण एका पानावर नुसतं एवढंच होतं:
घरातली माणसं मोजा. मग खुर्च्या मोजा.

नुक्रीच्या बाप्तिस्म्याला आम्ही अकरा जण.
बाबा उठले, वाइननं भरलेलं शिंग उचललं,
आईवर बोलले. आई म्हणजे माती,
आई म्हणजे द्राक्षवेल.
गोचाकाकांचे डोळे भरून आले.
माझेही येतात दर वेळी.
आज मी मोजत होते,
आणि त्या बाईचा रागच आला मला,
एवढं छान बोलणं नासवलं म्हणून.

द्राक्षवेल दारात उभी होती,
हातात खाचापुरीचं ताट, बोटं पोळत.

मी उठून माझी खुर्ची दिली.
बाबांचं शिंग तसंच हवेत.
आई टेकली, अगदी काठावर,
दवाखान्यात नंबर लागायचा असल्यासारखी,
आणि लगेच उठली,
दुसरी जळेल म्हणून.

रात्री भांडी विसळताना म्हणाली,
"त्या बाईला मुलंबाळं आहेत का गं?"
मला माहीत नव्हतं.
"विचारलं आपलं.
पुस्तक पिठाच्या डब्यामागे ठेव.
माझा चष्मा दुरुस्तीला टाकलाय,
शुक्रवारी येईल."