नेफा

बेचाळीस इंच. तीनदा मोजलं,
कारण बेरिलचं टेबल एका बाजूला चहा पिऊन फुगलंय
आणि टेप तिथे हटकून घसरते.
खाली सोडायला पाच, दुमडायला एक,
म्हणजे त्रिज्या सत्तावीस.
बार्शीच्या शाळेत ज्याने मला नापास केलं
तो बावीस छेद सात
ग्रिम्सबीत, शेजारणीच्या स्वयंपाकघरात
निमूट कामाला आला.

गरज अशी, की नॉर्मन टेबलक्लॉथ ओढतो.
रागाने नाही. चाळीस वर्षं ट्रॉलरवर होता,
पार आइसलंडपर्यंत जाऊन यायचा.
आता जेवायला बसला की हाताला कापडाची कड लागते
आणि हात जाळं आत घेऊ लागतात,
मूठ मूठ, न बघता.
कप येतात, बशा येतात, व्हिनेगरची बाटली येते,
सोमवारी वाटाण्यांचा अख्खा वाडगा आला.
"बरी लागली आज," म्हणाला.
बेरिलने फरशी पुसली.

चादर बाजारातली, चार पौंडांची, लिंबं छापलेली.
चौपदरी घडी, कोपऱ्यात टाचणी,
टाचणीला दोरा, दोऱ्याला खडू.
असा गोल याआधी एकदाच कापला होता,
शिवणवर्गात, अंब्रेला फ्रॉकचा,
आणि धायगुडे बाईंनी तो उजेडात धरून विचारलं होतं,
"ही छत्री आहे की बटाटा?"

सरळ कापडाला नेफा घालणं सोपं.
गोलाची बाहेरची कड लांब, आतली आखूड,
दुमडताना चुण्या पडतात,
त्या नखाने बसवायच्या, नाही ऐकल्या तर इस्त्रीने.
दोन बोटं फट ठेवायची.
मग सेफ्टी पिन, आणि तिच्यामागे फरफटत इलॅस्टिक:
एकशे सत्तर इंचांचा घेर
एकशे दहात गोळा व्हायला हवा.
पिन मध्येच उघडली. उघडणारच.
एका लिंबावर रक्ताचा ठिपका पडला,
थुंकी लावून घालवला.

टेबलाला चढवलं तेव्हा बेरिल हसत सुटली,
टोपडं घातलेल्या बाळासारखं दिसत होतं ते, गुटगुटीत.
नॉर्मन बसला. हात पुढे आले.
कड नाही.
लिंबांवरून फिरले, गोल,
खाली गेले, इलॅस्टिक ताणून सोडलं. टप्.
पुन्हा एकदा टप्.
मग मांडीवर पडून राहिले, तळवे वर.
कप जागच्या जागी, बशा जागच्या जागी.
बेरिल मला थँक यू म्हणाली
आणि उगाच सिंकमधला नळ सोडून उभी राहिली.

घरी आले, उरलेल्या चादरीचा पट्टा कापला,
वीतभर रुंद, जेवढा लांब निघेल तेवढा.
दुसऱ्या दिवशी टेबलाखाली शिरून
मधल्या खांबाभोवती तो फिरवला
आणि तिथेच बसून, गुडघे दुखत असताना,
दोन्ही टोकं हाताने शिवून टाकली.

आता तो ओढतो, पट्टा खांबाला घासत येतो,
जड येतो, संपत नाही.
वर चहा हलतसुद्धा नाही.
परवा हात न थांबवता त्याने मला विचारलं,
"तू कुठल्या बोटीवर?"
"बार्शी," मी म्हटलं.
त्याने जरा आठवून बघितलं.
"ऐकलंय नाव," म्हणाला.