कोट माझा आहे

पाकीट टपालाने आलं, एका कोपऱ्यात चेपलेलं.
कव्हरवर लेम्युएल गेन्स,
सॅक्सोफोन मांडीवर आडवा, झोपलेल्या पोरासारखा,
आणि अंगातला कोट माझा आहे.

हे आधी सांगायला हवं.
नोव्हेंबर बासष्ट, फिलाडेल्फिया, गुरुवार.
हीटर बंद, कारण तो माइकमध्ये गुणगुणायचा.
लेम म्हणाला, दे रे जरा, फोटोपुरता.
मी बेसला मिठी मारून नुसत्या शर्टावर कुडकुडत होतो
आणि चार वाजेपर्यंत सहा चिजा झाल्या,
एकही दुसऱ्यांदा नाही.

रेकॉर्ड मार्चमध्ये येणार होती.
मग उन्हाळ्यात.
मग कंपनीच विकली गेली, खुर्च्या-टेबलांसकट,
नव्या मालकाचा मूळ धंदा मोज्यांचा.
लेम दर सोमवारी फोन करायचा,
पुढे महिन्याच्या पहिल्या सोमवारी,
पुढे टपालखात्यात रात्रपाळीला लागला,
लोकांची पार्सलं वेळेवर पोचवायला.
यावर तो स्वतःच हसायचा. मी नाही.

एकोणऐंशीत गेला. फुप्फुसं.
त्यानंतर चार वर्षांनी गोदाम रिकामं करताना
टेपचं खोकं सापडलं,
वर पेन्सिलीने लिहिलेलं : एल. गेम्स.

सुई ठेवतो.
खरखर. कुणाची तरी खुर्ची करकरते,
माझी नव्हे, मी उभा होतो.
मग मी. अरे, केवढ्या घाईत चाललाय हा पोरगा,
चार मात्रा, चार पावलं, पुन्हा चार,
आणि लेम आत येत नाही.

तो असाच. तालाच्या मागे, दाराशी रेंगाळणारा,
सगळे जेवायला बसले
तरी पायपुसण्यावर बूट पुसत उभा.
आठ मात्रा. बारा.
ड्रमवरून ऑटिस माझ्याकडे बघतोय,
ते बघणंसुद्धा टेपवर आहे, मला ऐकू येतं.
मी चालत राहतो.
बेसवाल्याला दुसरं येतं काय.

आणि मग तो श्वास,
सुराच्या आधीचा, ओल्या रीडवरचा,
कुणी कापून टाकला नाही हे नशीब.

अर्डेल स्वयंपाकघरातून विचारते, कोण आलंय?
मी म्हणतो, लेम.
नळ बंद होतो. थोडा वेळ काहीच नाही.
मग ती म्हणते,
कोट मागून घे.