सात सूत

शहापूरच्या दुकानातून आणलंय, दिवसाला तीनशे रुपये,
अनामत म्हणून माझं आधार कार्ड.
मुठीएवढं यंत्र. पिवळं. रबराचे कोपरे.
कुलूप काढलं की आपोआप मट्टात येतंय बघा बाई,
दुकानदार म्हणाला,
डोळ्यात तेवढं मारून घेऊ नका.

आत कुठंतरी लंबक टांगलाय म्हणे.
कळ सरकवली की तो सुटतो,
जरा भेलकांडतो,
मग आपला आपण उभा राहतो.
भिंतीवरची हिरवी रेघ आधी हलते, नंतर ठरते.

भरमाणी मेस्त्री लांबूनच बघत होता.
त्याच्या पिशवीत पाण्याची नळी, वीस फूट, वेटोळं घातलेली.
पाण्यात नीळ टाकतो तो, दिसावं म्हणून.
"ह्याच्या पोटात पाणी न्हाई.
मग ह्येला कसं कळतंय?"
मला तरी कुठं ठाऊक होतं.

खिडकीला घोंगडं लावून अंधार केला
तरी रेघ नीट बसेना.
स्टँडचे तीन पाय हलवून झाले, खाली पुठ्ठा घालून झाला.
थरथरतच होती.
मग ध्यानात आलं, हे वडगाव आहे.
भिंतीपलीकडं चन्नव्वाचे चार पॉवरलूम,
खटक खटक, सकाळी सातपासून.
आम्हाला तो आवाज येत नाही आता.
यंत्राला येत होता.

चन्नव्वाला सांगावं, घटकाभर बंद कर,
म्हणून दारापर्यंत गेले.
पण एका साडीमागं तिला काय सुटतं ते मला माहीत आहे.
परत आले. चहा ठेवला.

सव्वातीनला करंट गेला.

गल्लीभरचे माग एकाच श्वासात थांबले,
कुणाचा तरी धोटा अर्ध्यात राहिला असणार,
आणि आमच्या खोलीत ती रेघ
ताण्यातल्या एका धाग्यासारखी
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गप्प.

"मट्ट बंतु!" भरमाणी ओरडला.
आनंद त्याला कानडीत होतो.
हिशेब मराठीत. शिव्या हाताला लागतील त्या.

पेन्सिल. टेप. पळापळ.
रेघेपासून खाली जमिनीपर्यंत:
दारापाशी छत्तीस इंच. देवळीखाली छत्तीस, एक सूत.
खिडकीपाशी बरोबर छत्तीस.
मधोमध
छत्तीस आणि सात सूत.

भरमाणीला पटलं नाही. त्यानं नळी सोडली,
एक टोक माझ्या हातात. अंगठे काढले.
निळं पाणी वर गेलं, खाली आलं,
आणि उजेडाच्या रेघेवरच येऊन टेकलं.
"बरं हाय की," तो म्हणाला,
"आपल्याकडं एक तरी रेघ हाय
जिला तारीख पडत न्हाई."
मग बूट आपटून बघितला. "हितं खाली काय हाय?"

खाली आप्पांचा खड्डा आहे.
मागाचा. एकतीस वर्षं गुडघ्यापर्यंत आत,
पाय पावड्यांवर, दिसायचे कंबरेपासून वर तेवढे.
हातमाग विकला त्या आठवड्यात आम्ही तो भरला:
विटांचे तुकडे, राख, फुटक्या कांड्या,
रॉकेलचा एक चेपका डबा.
नीट चोपा रे, आप्पा म्हणाले होते, नाहीतर बसेल.
लग्न होतं घरात. घाई होती.
बसत गेलं.
फरशी पुसताना पाणी तिथंच का जमतं
हे कुणी विचारलं नाही, फडकं तिकडं वळायचंच.

करंट आला. चन्नव्वा सुरू झाली, रेघ पुन्हा कापायला लागली.
पण खुणा झाल्या होत्या.
भरमाणी सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर
सात सुतांचा माल मोजत होता.

"सहाच भर," मी म्हटलं.
"मग मट्टात कुठं येतंय?
एक सुताचं पाणी थांबंल तिथं."
"थांबू दे."
त्यानं माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं,
आणि सातावर काट मारली.

सातच्या आत परत द्यायचंय, नाहीतर आणखी तीनशे.
कळ उलटी सरकवली, लंबक आत अडकला.
आता स्कूटरवर कसंही हिंदकळलं तरी चालतं म्हणे.