झुलीच्या शिवणीत एक पंख

तान्ह्या पोळ्याला दोन दिवस होते.
प्रज्वलच्या लाकडी नंदीची झूल
मशीनवर अर्धी पडलेली,
लाल साटीन, कडेला कुणाच्या तरी पोलक्यातून उरलेली जरीची पट्टी.
दुपारभर पडून नुकतीच उघडीप झाली होती,
वारा मेलेला, भिंतींना घाम.
सातच्या सुमारास दाराच्या चौकटीखालून
त्या निघाल्या.

आधी चार. मग मोजणं सुटलं.
ट्यूबलाइटभोवती, माझ्या केसांत,
तेलाच्या कुपीत, सुईखाली.

शकुनबाई धावत आली, हातात घासलेटची बाटली.
"उधई होय ते, माय! चौकट खाल्ली असन तुई.
ओत ना, काहून पाहून राहिली?"

मी हादरले, खोटं कशाला सांगू.
चौकट सागाची. आणि तिच्यातूनच उरलेल्या तुकड्यातून
टिकाराम मिस्त्रीनं हा नंदी कोरलेला.
एक खाल्लं असेल
तर दुसरंही.

पण डोळ्यांना टाक्यांची सवय आहे माझ्या.
एक धरली, पांढऱ्या अस्तरावर ठेवली,
चष्मा कपाळावरून खाली ओढला.

कंबर होती.
दोऱ्यानं आवळून गाठ मारावी तशी.
इतकी बारीक कंबर मापाच्या वहीत
एकोणीस वर्षांत मी कुणाची लिहिली नाही.
मिशा कोपरात मोडलेल्या.
पंख चार, पण पुढचे लांब, मागचे आखूड.

उधईला कंबर नसते,
ती सरळ, झबल्यासारखी,
चारी पंख एकाच कापाचे.
हे मिस्त्रीनं चौकट बसवताना सांगितलं होतं,
मी तेव्हा चहा गाळत होते.
ऐकू आलं ते आज.

"मुंग्या होत," मी म्हटलं. "लग्नाला निघाल्या."

तरी पेचकसाची मूठ घेऊन
चौकट खालून वरपर्यंत वाजवली.
ठक. ठक. भरीव. मातीची नळी कुठं नाही.
मग नंदीचं पोटही वाजवलं, तर प्रज्वल रडकुंडीला,
"त्याले काहून मारते, आत्या?"

घरातला दिवा घालवला.
बाहेर ओट्यावर बॅटरीचा दिवा, खाली परातीत पाणी,
आणि आम्ही तिघं अंधारात, डोक्यावर पदर, चादर, पोतं.
हळूहळू घर रिकामं झालं.
शकुनबाईची बाटली बूच लावलेलीच राहिली.
"खरंच मुंग्या होत का," ती म्हणाली,
जराशी हिरमुसून.

सकाळी पंखच पंख.
झाडूच्या पुढं पुढं उडतात, हाती येत नाहीत.
ओल्या फडक्यानं टिपले.
परातीत तरंगत होते ते बहुतेक नर,
त्यांचं काम एवढंच होतं म्हणतात.
चौकटीखालची फट साबणाच्या पाण्यानं धुतली,
वाळली की सिमेंट भरीन. आज नाही, आज पोळा.

आणि एक होती, मशीनच्या पायाशी.
रात्रीच पाहिली होती तिला मी.
पाय वाकवून स्वतःचे पंख
स्वतःच मोडत होती,
कपडा पुरा झाल्यावर
मी कच्चा टाका ओढून काढते तशी.
आता बिनपंखी, ओट्यावरून उतरून
न्हाणीमागच्या मऊ मातीत शिरत होती.

"ठेच ना तिले," शकुनबाई.
झाडू हातात होता.
तिथं माती आहे, चौकट नाही.
मी न्हाणीतली बादली भरायला गेले.
"पुढल्या वर्षी सांगजो मंग."
सांगीन.

झूल संपवली तेव्हा कळलं,
जरीच्या पट्टीखाली एक पंख शिवला गेलाय.
उसवायचं तर अर्धा तास,
आणि पोट्टे बाहेर हाका मारत होते.

नंदी चाकांवर गावभर फिरला.
अकरा घरं. बोजारा चाळीस रुपये,
एक बिस्किटपुडा, एक फुटका फुगा.
प्रज्वल सगळ्यांना दाखवत होता
पाठीवरची ती एवढीशी लकाकी.
"आत्यानं चमकी लावली," सांगत होता.
मी हो म्हटलं.