फुंकणी

डॉक्टर बीना कुरियननी हातात दिली
पांढरी प्लास्टिकची नळी, अंगावर आकडे, एक लाल काटा.
तिचं नाव लांबलचक आहे. मी फुंकणी म्हणतो.
बाणकोटला आईची फुंकणी चुलीपाशी असायची,
फुंकलं की राखेखालून काहीतरी उजळायचं.
ही फुंकली की काटा सरकतो, बस.

सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचं,
मोठा आकडा वहीत मांडायचा.
रविवार, मुहर्रक, बेकरी, पहाटेचे तीन: दोनशे नव्वद.
सोमवार: दोनशे सत्तर.
मंगळवारी ट्रक आला, पन्नास किलोची एकसष्ट पोती,
मिक्सरमध्ये ओतताना ढग उठला.
त्या दिवशी वहीत आकडा नाही.
शफीकुलनं मला मागच्या गल्लीत
उलट्या क्रेटवर बसवलं,
निळा पंप हलवून तोंडात धरला
आणि मोजत राहिला, एक, दुई, तीन.
मला बंगाली तेवढंच येतं.

पीठ.
पायाखाली सांडलं तर उचलून कपाळाला लावायचं,
असे वाढलो आम्ही.
त्याच्यावर आळ कसा घ्यायचा?
डॉक्टर म्हणतात, छातीला गव्हाचं वावडं झालंय.
अकरा वर्षं ज्याच्यावर घर चाललं,
स्लॅब पडला, दोन बहिणींचे निकाह झाले,
त्याचंच वावडं.
उस्ता सबरीला सांगितलंय, सर्दी आहे.
खोकला आला की संडासात जातो,
नळ पूर्ण सोडतो, मग खोकतो.
आजारी माणसाचा विसा कोण नव्यानं लावेल,
असं मला इथं कुणी बोललेलं नाही.
मीच बोलतो, रोज रात्री,
आठ खाटांच्या खोलीत, वरच्या खाटेवर,
छत नाकापासून हातभर.

शुक्रवारी सुट्टी. खाडीच्या कडेला गेलो.
वारा मोकळा. फुंकणी: चारशे चाळीस.
दुपारी घरून फोन, थोरलीच्या कॉलेजच्या फीचा.
नफीसा साधंच बोलत होती,
आणि माझ्या बरगड्यांना कुणी सुंभ आवळला.
पंप ओढला. पुन्हा ओढला.
हातांना मुंग्या. बसलो खाली, फूटपाथवर, फुंकलं:
चारशे तीस.
काट्याच्या हिशेबानं मी ठणठणीत.
मग गळ्याशी बसलाय तो कोण?

डॉक्टरांनी शुक्रवारवर बोट ठेवलं.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग विचारलं, झोप होते का?
इतक्या वर्षांत मला बत्ताका विचारली, पगार विचारला,
वजन, रक्तगट, बापाचं नाव.
झोप कुणी विचारली नव्हती.
मी खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्या बघत राहिलो,
पांढऱ्या, पांढऱ्या, एक तांबडी.
भ्यालो की श्वास आखडतो,
श्वास आखडला की भितो,
आधी कुठलं, हे शोधण्यात उजाडतं,
हे सगळं एका दमात सांगून टाकलं.
एका दमात. हसूच आलं दोघांनाही.

त्यांनी वहीत पट्टी न धरता आणखी एक रेघ ओढली.
नव्या रकान्याला नाव दिलं नाही.
इथे वाटेल ते लिहा, म्हणाल्या.
शनिवारी काही सुचलं नाही.
रविवारी ‘फी’ लिहिलं. खोडलं.
सोमवारी नुसता एक ठिपका,
पेन बराच वेळ टेकल्यामुळे पडलेला.

नफीसा दोन वर्षं फोनवर एकच तक्रार करते:
तुमच्या खोलीतला एसी किती शिट्ट्या मारतो हो,
कुणाला सांगत का नाही?
आणि मी दोन वर्षं: जुना झालाय, सांगतो.
काल रात्री तिनं पुन्हा विचारलं.
सगळे झोपले होते. शफीकुल कुशीवर.
अंगावर दोन चादरी.

एसी बंद आहे गं, म्हटलं.
जानेवारी चालू आहे इथे.