पीळ

दीडशे ग्रॅमचा गुंडा, गांधीबागेतल्या दुकानातून, दिवाळीआधी.
वरून फक्त राखाडी दिसत होता.
दुकानदार म्हणाला, ताई, आत सगळे रंग आहेत,
तुम्ही विणत जा, ते आपापले येतील.

मी कंडक्टर. गणेशपेठ डेपो, पहाटेची पहिली रामटेक.
थंडीत कामठीच्या पुढे खिडकीची काच दातांसारखी वाजते,
खाकीच्या आत दोन थर घातले तरी
वारा मानेपाशी तिकीट न काढता चढतो.
म्हणून हे: डोक्यातून घालायचं, खांद्यांवर पडेल असं,
गोल सुईवर, एकशे ऐंशी टाके,
शिवण कुठेच नाही.

रामटेकला गाडी वीस मिनिटं उभी राहते.
लांजेवार ड्रायव्हर चहाला उतरतात,
मी मागच्या सीटवर एक फेरा, कधी दीड.
चिल्लरचा हिशोब चुकला तरी
टाके चुकत नाहीत, असं मला वाटायचं.

राखाडीतून एक दिवस जांभळा निघाला.
मग विटकरी. मग असा एक हिरवा
ज्याला आमच्या तांडापेठेत नाव होतं
आणि आता माझ्या तोंडात येत नाही.

बाबांना विचारलं.
पंचावन्न वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस.
मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनला हो म्हणत नाहीत.
"कसा हिरवा, ते सांग."
शेवाळासारखा, थोडा पिवळ्याकडे झुकलेला.
"रंगवला कोणं?"
कारखान्यात, बाबा. एकाच धाग्यावर थोडा थोडा.
पट्टे आपोआप पडतात.
बराच वेळ काही बोलले नाहीत. मग,
"रंग सूतच ठरवून राहिलं,
तं माणूस काय करून राहिला?"
टाके मोजून राहिला, म्हटलं.
हसले. "आन इकडं."

मांडीवर घेऊन आधी काठ शोधला त्यांनी.
काठ नाही म्हटल्यावर हात थांबला,
कोणाच्या घरी जावं आणि दार कुठल्या बाजूला तेच कळू नये, तसा.
मग तळवा आतून लावला आणि फिरवत नेला,
सावकाश, पूर्ण वळसा.
"मी तं आतून चाललो होतो, पोरी.
मधातच बाहेर कसा निघालो?"

बेचाळीस फेरे.
पहिल्याच जोडाला पीळ पडला होता
आणि दीड महिना मी तो रोज थोडा थोडा वर नेत होते.

मागावर चुकलं तर काय करायचे, विचारलं.
"गुंडाळून टाकायचं. पुढं विणायचं.
नेसणाऱ्या बाईला मधातला धागा दिसते थोडी."
इथे मात्र उसवण्यावाचून इलाज नव्हता.
बाबांनी दोन्ही हात समोर धरले, न सांगता,
मी ओढत गेले:
हिरवा, विटकरी, जांभळा
त्यांच्या मनगटांवर चढत गेले.
लोकर कुरळी झाली होती,
टाक्यांची सवय अंगात राहिलेली.
राखाडी सगळ्यात शेवटी आला.

दुसऱ्यांदा एकशे साठच टाके घातले.
घेर कमी, म्हणून पट्टे रुंद पडले.
तोच गुंडा आहे, सांगून कोणाला पटत नाही.
जोडाआधी टेबलावर पसरून
खालची कड खालीच आहे ना, तीनदा पाहिलं,
चौथ्यांदा बाबांनी, बोटांनी.

गोल विणताना फेरा मिटत नाही, हे तेव्हा कळलं.
निघाला तिथे परत न येता एक टाका वर येतो,
रंग बदलतो तिथे बारीकशी पायरी दिसते.
बाबांच्या बोटाला तीही लागली.
"हे राहू दे," म्हणाले.

जानेवारी संपता संपता झालं. घालून गाडीवर गेले.
कन्हानच्या पुलावर धुकं, काच तशीच वाजत होती.
दुसऱ्या खेपेत ऊन एवढं चढलं
की डोक्यातून काढून मशीनच्या पिशवीवर ठेवलं.
शेजारी पारशिवनीची एक बाई, मांडीवर मेथीच्या जुड्या,
उलटसुलट करून पाहत बसली.
"बाई, याची सुरुवात कुठून हो?"
राखाडीकडून, म्हणणार होते.
पण कामठी आली, चार जण चढले,
आणि सुट्टे कोणाकडेच नव्हते.